मृत सदस्याला दर सोमवारी आठवण

मंचावरील आदरणीय अध्यक्ष, माननीय प्राचार्य, विद्यापीठातून आलेले सन्माननीय परीक्षा नियंत्रक, माझे सहकारी, दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेले अनुभवी श्रोते आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मागच्या गुरुवारी सकाळी प्रार्थना आटोपून मी प्रकल्प अहवालांवर सह्या करायला बसलो. बत्तीस अहवाल होते. ‘हा अहवाल मी तपासला आहे’ या ओळीखाली सही करायची. पत्नी पान उघडून देत होती, मी सही ठोकत होतो. मध्येच ती थांबली.

“अहो, मेलेल्या माणसाला दर सोमवारी आठवण कशाला पाठवायची?”

“कुठे लिहिलंय?”

“ह्यात. आणि ह्यातही. ह्यात तर चित्र काढलंय हो त्याचं. हातपाय आहेत चांगले!”

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचा पहिला धडा असा की, प्रणाली बांधण्याआधी ती वापरणाऱ्याला जाऊन विचारा, बाबा, तुला हवंय काय? हा धडा मी वीस वर्षं फार तळमळीनं शिकवतो. मग मुलं माझा जुना नमुना अहवाल घेतात, वरचं नाव बदलतात, आणि विचारणं संपतं. विषय एकच, ग्रंथालयाची प्रणाली. आजवर आपल्याकडे अशा तीनेकशे प्रणाली तयार झाल्या. आपल्या ग्रंथपाल बाई अजून वहीतच लिहितात.

त्या नमुन्यात कलम सतरा होतं, ‘मुदत संपलेल्या सदस्याला दर सोमवारी आठवण पाठवावी.’ मी घाईघाईत ‘मुदत’चं ‘मृत’ केलं. पुढच्या वर्षी कुणा शुद्धलेखनाच्या भोक्त्याला ‘मृत संपलेल्या’ खटकलं असणार. त्यानं ‘संपलेल्या’ काढून टाकलं. वाक्य निर्दोष झालं! तेव्हापासून प्रत्येक अहवालात चाचणी आहे, ‘मृत सदस्याला आठवण पोहोचली. निकाल: उत्तीर्ण.’ कशी पोहोचली, हे मी एकालाही विचारलं नाही. आमच्या गावच्या शाळेतले मास्तर म्हणायचे, न वाचता सही करणाऱ्यापेक्षा अंगठेबहाद्दर बरा, तो निदान वाचल्याचं सोंग आणत नाही.

हसा, हसा. आम्ही दोघंही हसलो. पण चौदाव्या अहवालावरचं नाव पाहिलं आणि माझं हसू गेलं.

ही मुलगी गेल्या वर्षी तीन आठवडे ग्रंथपाल बाईंच्या शेजारी बसली होती. तिनं नऊ पानांचा अहवाल आणला. मी तपासणीचा तक्ता लावला, कलम सतरा सापडलं नाही, ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत केला. ती शिक्षक खोलीच्या दारात उभी राहिली.

“सर, बाईंना ते नकोच आहे. कुठलं पुस्तक कुणाकडे आहे, एवढंच त्यांना कळायला हवंय.”

“बाई परीक्षक नाहीत,” मी म्हणालो. वाक्य काय छान जमलं, म्हणून दिवसभर खूश होतो.

तिचा निकाल राखून ठेवला गेला. राखून ठेवलेला निकाल टक्केवारीत धरत नाहीत. त्यामुळे आपले शंभर टक्के शाबूत राहिले, ज्यांच्यासाठी आज हा पुष्पगुच्छ. तिची नोकरी मात्र अडली, कारण त्या कंपनीला पहिल्याच प्रयत्नाची गुणपत्रिका लागते. यंदा ती शहाणी झाली. साठ पानं, कलम सतरा जागच्या जागी, चाचणी उत्तीर्ण. मी तिला शेवटी शिकवलं ते हे.

गेल्या वर्षीच्या निकालात दुरुस्ती मागायची मुदत आज पाच वाजता संपते. म्हणून शुक्रवारी मी दुरुस्तीचं पत्र घेऊन प्राचार्यांकडे गेलो.

“सर, सोमवारी तुमचा सत्कार,” ते म्हणाले. “मंगळवारी पाठवू की पत्र.”

“मुदत सोमवारी संपते.”

“बघा, काय योगायोग!”

त्यांचंही चुकत नाही. सभागृह ठरलं होतं, मानपत्र छापून झालं होतं. त्यात मला ‘शिल्पकार’ म्हटलं आहे. मूर्ती घडवतो तो शिल्पकार. मी साचा दिला, तोही तडा गेलेला. देवाला हात जोडताना माणूस क्षमा मागतो, पण तिथे अर्जाची आवक-जावक नोंद होत नाही, ही आपली सोय.

आपण सर्वजण वेळ काढून आलात, माझ्याविषयी चांगलं बोललात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. फक्त नियंत्रक साहेबांना एक सांगायचं राहिलं. आपण इकडे यायला निघालात, त्यानंतर तीन वाजता मी आपल्या कार्यालयात जाऊन आलो. ‘नऊ पानांचा अहवाल योग्य होता, तो नाकारण्यात चूक माझी, आणि इतर अहवाल मी न वाचता प्रमाणित केले,’ असं पत्र आपल्या सहायकांच्या हाती दिलं, आणि पोच घेतली.