डावं मागचं चाक

बायको: ही बाळाची दुधाची बाटली आहे.

नवरा: जुनी आहे. तूच म्हणालीस, झाकण गळतं, टाकून दे.

बायको: टाकून दे म्हणाले. तिच्यात ट्रकचं काळं तेल भर, असं नाही म्हणाले. शी. वास बघ, काहीतरी कुजल्यासारखा.

नवरा: आरपार दिसणारं काहीतरी लागतं. नळीतून बुडबुडे येतात ते बघायचे. बुडबुडे थांबले की ब्रेकच्या तेलातली एअर गेली. चल, बस सीटवर. पाचला तो नवा ड्रायव्हर यायचाय.

बायको: हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय हिचा.

नवरा: आत झोपवून ये ना.

बायको: खाली ठेवली की उठते. आठ महिन्यांत एवढंही कळलं नाही तुला? दोन्ही हात तिचे, उजवा पाय तुझा. सांग, काय करू.

नवरा: ब्रेक तीनदा दाब, मग दाबून धर.

बायको: एक. दोन. तीन. धरला. किती मऊ आहे रे हा. चिखलात पाय रुतल्यासारखं वाटतंय.

नवरा: धरून ठेव. उघडतोय मी. खाली गेला?

बायको: तळाला टेकला.

नवरा: आवळलं. सोड. आता परत.

बायको: किती दिवस असा आहे?

नवरा: परत दाब.

बायको: काहीतरी विचारलं मी.

नवरा: झाले असतील वीस-बावीस दिवस. पहिल्यांदा दाबला की खाली जातो, दुसऱ्यांदा लागतो. सवय होते.

बायको: सवय होते. मालकाला सांगितलंस?

नवरा: तीनदा. म्हणाला, पंप मारून चालव, सामान आलं की बघू. सामान म्हणजे काय, चाकातला ब्रेक दाबणारा एक व्हील सिलिंडर आणि त्याची दोन रबरं. त्याच्या ऑफिसातल्या माशांचं पाणी दर आठवड्याला बदलतात. धर. हां, सोड.

बायको: थांब. वीस-बावीस दिवस म्हणजे लसीच्या आधीपासून.

नवरा: पुढच्या चाकाशी जातो आता मी.

बायको: लसीला आपण ह्याच गाडीतून गेलो. मी इथे बाजूला, ही माझ्या मांडीवर. पुलाच्या उतारावर तू म्हणालास, घट्ट धर तिला. मला वाटलं, काळजीनं म्हणतोय. बाप झालाय.

नवरा: वीसच्या वर नेलीच नव्हती मी.

बायको: आणि मी तिला गाणी म्हणून दाखवत होते. अख्खा रस्ता.

नवरा: झालं ते झालं. आज संपतंय ना सगळं? दाब. सहा वर्षं त्या खाणीचा उतार उतरलो, आज सुटलो. सोमवारी बसवर. तिथे रोज ब्रेक बघितल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर सोडत नाहीत.

बायको: पत्र हातात आलं तर.

नवरा: येईल. नव्या ड्रायव्हरनं फॉर्मवर सही केली, गाडी चांगली मिळाली म्हणून, की मालक अनुभवाचं पत्र देतो. पेडल असं लिबलिबीत मिळालं तर तो सही करेल का? मग मालक म्हणणार, तूच बिघडवलीस, थांब आणखी तीन महिने. बस काय थांबते का आपल्यासाठी? धर.

बायको: धरलाय.

नवरा: सोड. आता हे शेवटचं. दाब.

बायको: एक. दोन. अरे, लागला. वरच्या वर लागतोय.

नवरा: धर. एकही बुडबुडा नाही. झालं. बघ, तासाभराचं काम होतं.

बायको: कडक झाला रे. दगडासारखा. उगाच बोलले तुला एवढं.

नवरा: जाऊ दे. ये उतर, पाय दुखला असेल.

बायको: पण एक राहिलं.

नवरा: काय?

बायको: उजवं मागचं केलंस, मग पुढची दोन. डावं मागचं केलंच नाहीस. सगळ्यांत लांबचं चाक आधी, हे तूच शिकवलंयस मला. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत हेच केलं होतं आपण, विसरलास?

नवरा: त्याची गरज नाही.

बायको: का?

नवरा: तेच गळत होतं. बंद केलंय.

बायको: बंद म्हणजे?

नवरा: त्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात छर्रा घातला, सायकलच्या बेअरिंगमधला, आणि वरून नट आवळला. तेल तिकडे जातच नाही, मग गळणार कुठून? सगळेच करतात.

बायको: म्हणजे त्या चाकाला ब्रेकच नाही.

नवरा: बाकी तीन आहेत.

बायको: आणि मी इथे बसून, हिला छातीशी धरून, पाय मारून मारून तो कडक करून दिला. मला सांगायचं तरी.

नवरा: सांगितलं असतं तर केलं असतंस?

बायको: तेच म्हणतेय मी. किती घाणेरडं आहे हे, कळतंय का तुला? ते बाटलीतलं तेल परवडलं. ते घाण दिसतं तरी.

नवरा: दोन दिवस चालेल. मग त्याचा तो बघेल.

बायको: तो बघेल ते कुठे? उतारावर? भरलेल्या गाडीत, मागून दगड ढकलत असताना? रस्ता ओला असला तर काय होतं, सांग ना. तूच सांगत असतोस.

नवरा: एका बाजूला ओढते.

बायको: कुठल्या बाजूला?

नवरा: उजवीकडे.

बायको: आणि दरी कुठल्या बाजूला आहे?

नवरा: तू जरा गप्प बसतेस का? उठेल ती.

(फाटक वाजतं. नवा ड्रायव्हर आत येतो, हातात फॉर्म. बायको बाळाला घेऊन सीटवरून खाली उतरते.)

नवा ड्रायव्हर: नमस्कार भाऊ. जरा लवकरच आलो. वहिनी, त्रास देतोय.

बायको: त्रास कसला. हळू बोला फक्त, झोपलीय.

नवा ड्रायव्हर: हो हो. बसून बघू का? मालक म्हणाले, पेडल थोडं मऊ वाटेल, तिकडे लक्ष देऊ नका. ओहो. मऊ कुठलं, हे तर नव्या गाडीसारखं आहे. काय हात आहे भाऊ तुमचा.

नवरा: असंच जरा बघितलं.

नवा ड्रायव्हर: आमची धाकटी खूश होईल. आई तिची कामावर असते ना, त्यामुळे शाळा सुटली की माझ्याबरोबर गाडीतच. जुन्या ठिकाणीही तसंच होतं. खिडकीची जागा तिची, कालच बजावलंय मला. पेन आहे का? माझं चालत नाही.

बायको: पेन आहे. आतून आणते मी. की नको आणू? बोल तू.

नवरा: थांब.

नवा ड्रायव्हर: काय झालं?

नवरा: उतरा जरा खाली. मागच्या डाव्या चाकाला ब्रेक नाहीये. नळी बंद केलीय मी, छर्रा घालून. म्हणून कडक लागतोय.

नवा ड्रायव्हर: अच्छा.

बायको: अच्छा काय?

नवा ड्रायव्हर: काही नाही वहिनी. मीही केलंय हे. एकदा. रिकाम्या गाडीला, गॅरेजपर्यंत न्यायला.

नवरा: ही भरलेली उतरते. दिवसातून आठ वेळा.

नवा ड्रायव्हर: मालकाला ठाऊक आहे?

नवरा: गळतंय हे ठाऊक आहे. छर्रा माझा.

बायको: म्हणजे दोघांचं मिळून छान जमलंय.

नवरा: पान्हा दे तो इकडे.

बायको: काय करतोस?

नवरा: छर्रा काढतो. आत ठेवला तर हे नाही म्हणतील, उद्या मालक तिसऱ्याला बसवेल. जाऊ दे पेडल तळाला. मग कुणीच नेणार नाही.

नवा ड्रायव्हर: पण तुमचं पत्र त्यांच्याच हातात आहे ना, भाऊ? सोमवारी बसवर जाणार होतात म्हणे.

नवरा: हो.

नवा ड्रायव्हर: मग एक करतो. मी सांगतो, मला हा उतार झेपत नाही, मी नाही येत. तुमचा विषयच निघणार नाही. मला मिळेल दुसरीकडे. आज ना उद्या.

बायको: बघ. आल्यापासून पाच मिनिटं झाली नाहीत त्यांना, आणि तुझ्यासाठी काम सोडायला निघालेत.

नवरा: नको.

नवा ड्रायव्हर: अहो, त्यात काय. एवढंसं खोटं.

नवरा: नको म्हणतोय ना. मागच्या चाकाला ब्रेक नाही आणि सिलिंडर आल्याशिवाय गाडी हलणार नाही, एवढंच सांगा. फॉर्मवर तसं लिहून द्या. आणि कोण म्हणालं असं विचारलं, तर माझं नाव सांगा.