सासऱ्यांच्या बॉनेटवरचे ओघळ

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरातल्या कार पार्ट्सच्या दुकानात कस्तुरी रांगेत उभी होती. तिला मराठी कळत नसणार अशा खात्रीने पुढचे दोघे मित्र बिनधास्त बोलत होते.

"सुश्रुत, सासऱ्यांच्या बॉनेटवर लॅकर मारलंस की आमटी ओतलीस?"

"चांगलं चकाकावं म्हणून एकदमच दाबून मारलं रे. सगळीकडे ओघळ आले."

"पातळ हात मारायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग दुसरा. स्प्रेचा कॅन पत्र्यापासून वीतभर लांब, आणि हात एका जागी थांबवायचा नाही."

"आणि आता?"

"दोन दिवस वाळू दे. मग ओल्या सँडपेपरने घास आणि परत मार. त्यांना कळलंय?"

"सकाळीच बघितलं त्यांनी."

"ओरडले?"

"छे! एवढंच म्हणाले, 'मुलगी देतानाही आमची अशीच घाई झाली.'"