मशीनला लावलेला टिळा

अंगठ्याच्या हजेरीला एवढं काय वैतागता? तिकडे दक्षिणेत, अंबत्तूरच्या आमच्या ऑफिसात ती नवीन आली तेव्हाची गंमत ऐका. नऊनंतर अंगठा लावला की अर्ध्या दिवसाची रजा कापणार, असं साहेबांनी जाहीर केलं. साहेब म्हणजे गोविंदराव, तंजावरकडचे मराठी. स्वतः मात्र रोज साडेदहाला उगवायचे.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, तिकडे कॉम्प्युटरांचीही पूजा करतात. गोविंदरावांनी सर्व्हरला हार घातला आणि हजेरीच्या मशीनला अंगठ्यानं चंदनाचा टिळा लावला, तोही नेमका काचेवर!

सुट्टीनंतर सकाळी मी अंगठा ठेवला, तर स्क्रीनवर नाव आलं, 'गोविंदराव'. मागून माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सेल्वीनं ठेवला, पुन्हा 'गोविंदराव'! वाळलेल्या चंदनात साहेबांचा अंगठा उमटला होता. मी रुमाल काढला, तशी सेल्वी ओरडली, "अय्यो, पूजेचं पुसू नका!"

साडेदहाला साहेब आले आणि हजेरीच्या यादीवर नजर टाकली. "आज सगळेच गैरहजर?"

"हो सर," मी म्हटलं. "तुम्ही मात्र चाळीस वेळा आलात. तेही नऊच्या आत."

साहेबांनी यादी नीट पाहिली.

"आज कुणाची रजा कापू नका," ते म्हणाले, "आणि तो टिळाही राहू दे."