खड्डा क्रमांक चारमधील बाळ

जबाब देणार: उत्खननावरील आरेखक, स्त्री, वय ४८ वर्षे, धंदा नोकरी, राहणार पाण्याच्या जुन्या टाकीमागे, दुसरा मजला.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, मी एकोणीस वर्षे या नोकरीत असून जमिनीतून निघालेल्या वस्तूंची मोजून चित्रे काढणे व रोजची नोंदवही लिहिणे हे माझे काम आहे. आमचे प्रमुख टीव्हीवर कार्यक्रम करतात. त्यांना सगळे 'डॉक्टर' म्हणतात. नोंदवही मी चोरली, अशी तक्रार त्यांनी दिली आहे.

दिनांक ३ रोजी सकाळी सव्वादहाच्या सुमारास खड्डा क्रमांक चारमध्ये मला व मुकादमांना एका बाईचा सांगाडा लागला. तिच्या कुशीत तान्हे बाळ होते. ब्रशने माती काढायला दोन दिवस गेले. बाळाची कवटी अखंड होती. मी नोंदवहीत चित्र काढले, तारीख घातली, मुकादमांची सही घेतली. डॉक्टर तेव्हा स्टुडिओत होते. फोनवर म्हणाले, "फोटो काढू नका, बातमी फुटेल. परत झाका. मी आल्यावर सापडेल."

दिनांक ६ रोजी ते कॅमेरावाल्यांसह आले. चाळलेली माती आम्हीच वर पसरली होती. "थांबा, इथं काहीतरी आहे!" असे ते तीनदा म्हणाले, कारण पहिल्या दोन वेळी तोंडावर ऊन नीट येत नव्हते. तिसऱ्या वेळी थापी जोरात घातली. आवाज झाला. मुकादम म्हणाले, "गेलं." डॉक्टर म्हणाले, "हा आवाज काढून टाका."

मी काही बोलले नाही. का, असे विचारल्यावरून सांगते की, कॅमेरा चालू असताना आम्ही बोलायचे नसते.

दिनांक २० रोजी कार्यक्रम आईसोबत घरी पाहिला. डॉक्टर तुकडे हातात धरून म्हणाले, "हजारो वर्षांपूर्वी या बाळाच्या डोक्यात घाव घातला. हा नरबळी आहे!" आई म्हणाली, "मेली कसली गं माणसं तेव्हाची!" मी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावले. "बाई, ते पान नव्यानं काढा, तडा दाखवून. एका रेघेचा तर प्रश्न आहे." मी नाही म्हटले. "मग वही ठेवून जा. दुसरं कुणी काढेल." तेव्हा मी वही पिशवीत घालून घरी नेली. ती आज हजर करते. पोच मिळावी. चित्रावर मुकादमांची सही असली तरी त्यांना शक्यतो यात ओढू नये. त्यांना पुढच्या हंगामात काम लागणार आहे.

"इतक्या वर्षांपूर्वी मेलेल्या पोरासाठी नोकरी घालवता का?" असे जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले. त्यावर सांगते की, ते बाळ कोणी मारल्याची एकही खूण नव्हती. त्याला कोणीतरी आईजवळ नीट निजवले होते. माझ्या चित्रात एवढेच आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'कवटी फुटली' असे लिहिले होते, ते 'फोडली' असे दुरुस्त करून घेतले. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.