उंबऱ्यापाशी लेटलेली बाई

अरे, रेलिंग बनवनं माहाच धंदा, म्हणून ते पाप माह्याच हातून झालं. आमच्या गावच्या जुन्या दगडी देवळात, उंबऱ्याच्या आधी, फरशीत एक बाई कोरेल हाय. देवाकडं डोकं करून, हात जोडून पालथी पडेल. लोकाईच्या पायानं तिची पाठ पार झिजली, हातातल्या बांगड्या तेवढ्या दिसतात. मले तिची दया आली. मी फुकटात स्टीलची रेलिंग बनवली अन् तिच्या चारी बाजूनं ठोकली.

दुसऱ्या दिवशी देऊळ झाडनारी गंगूमाय आली अन् झाडू घेऊन तशीच उभी राह्यली.

"हे काहून केलं रे बापू?"

मी म्हनलं, "माय, लोक तिले तुडवून राह्यले ना!"

"त्याच्यासाठीच तं लेटली ती. दर्शनाले येनाऱ्या हरेकाच्या पायाची धूळ अंगावर पडावी, एवढंच मागतलं तिनं. मी रोज सारं देऊळ झाडून काढतो, पन हा दगड कदी झाडला नाई."

मी कटर आनला, रेलिंग कापली. पन तिच्या पाठीवर ठेवाले पाय काही उचलेना.

गंगूमायनं माहा हात धरला. "ठेव पाय. तुह्यामुळं ती एक दिवस उपाशी राह्यली."