सांबरखिंडीतला शेवटचा

ऐका. त्या ब्यागा ठेवा तिकडं अन् भाकरी खाता खाता ऐका. सांबरखिंडीचं इचारलंत न्हवं? मग ऐकाच.

तुमच्यासारखीच शहराकडची माणसं व्हती. पाठीवर तंबू, चार मुक्काम रान तुडवायला निघालेली. सगळी तरणी, त्यात एकच वयस्कर, अच्युतराव. त्याची बायको सुलभाबाई दिवाळीच्या तोंडावर गेलेली. घरात भिंतींशी तरी किती बोलायचं? म्हणून आला बिचारा. पण पोरं आपल्या नादात. ह्यो आपला मागं, एकटाच.

हितंच अंगणात च्या प्याली. मी बजावलं, "दिवस मावळल्यावर खिंडीत शिरू नका. अन् शिरलाच, तर मागच्यानं 'मी शेवटचा' म्हणायचं न्हाई. 'मागनं येत्यात' म्हणायचं." दिवा वाढवला म्हणतो न्हवं आपण, इझवला म्हणतो का? तसंच हे. पोरं हसली. अन् अंधार पडता पडता गेली की खिंडीत!

पुढनं म्होरक्या ओरडला, "मागे कोण आहे?"

"मी! शेवटचा मी!" अच्युतराव म्हणाला.

झालं! मागं पाचोळा वाजला. चर्र... चर्र. ह्यो थांबला, की त्ये थांबलं. ह्यो चालला, की त्ये चाललं.

मग आवाज आला, "अहो, दमलात का?"

आता सांगा! दोन दिवसांत त्याला कुणी एवढं इचारलं न्हवतं. अन् आवाज सुलभाबाईचा! भ्या वाटायला पायजे व्हतं. न्हाई वाटलं. डोळं भरून आलं बघा त्याचं.

"अहो, मफलर गुंडाळा." त्यानं गुंडाळला. "ओझं द्या इकडे." कुणीतरी मागनं ब्याग उचलून घेतली. पाठ हलकी झाली. वाट कधी सुटली, त्याला कळलंबी न्हाई.

लांबनं हाक आली, "काका, येताय ना?"

ह्यानं तोंड उघडलं, आवाज फुटंना! अन् मागनं ह्याच्याच आवाजात जबाब गेला, "आलो, आलो! चला तुम्ही, काय मस्त वारा सुटलाय!"

अगं आई गं! बत्त्या चालल्या की लांब.

"बसा इथे. पाय सोडून बसा." बसला. पायाखाली काय न्हाई, निस्ता वारा. "आणखी थोडं पुढे सरका, अहो. मी आहे ना."

सरकलाबी असता! पण पोरांत एक ईशानी व्हती. ती थबकली. म्हणाली, "दोन दिवसांत काका एवढं बोललेत का कधी?" अन् वळली, सगळ्यांना वढत. बत्ती मारली, तर ह्यो कड्याच्या टोकावर! गचांडी धरून मागं खेचला. आसपास कुणी न्हवतं. ब्याग सकाळी दिसली, खाली दरीत.

सकाळी ह्याच चुलीपाशी बसला व्हता. मला हळूच इचारतो, "मावशी, परत त्या वाटेने गेलो, तर भेटेल का हो ती?"

मी खेकसलेच. "तुमची बाई तुम्हाला कड्यावर बसवंल व्हय?"

तसा रडला. लई रडला. निघेस्तोवर ईशानी त्याचा हात धरून बसली व्हती.

तवा त्या वाटेला जायाचं न्हाई. वळसा घालून जावा, पाय दुखंनात का. अन् उद्या तुमच्यात मागं कोण चालणार हाय? त्यो कोपऱ्यातला? या हो, असं चुलीजवळ या. नाव काय तुमचं?