नीमची मगर

बहरीनमधल्या जिदहफ्सच्या दवाखान्यात रुपेश आपल्या नंबरची वाट पाहत पेंगत होता. मागच्या बाकावरून थेट चिपळूणचं मराठी ऐकू आलं आणि त्याची झोपच उडाली.

"पुष्पलताताई, कुठून अवदसा आठवली नि माझ्या मृणालीला फ्रान्सला शिकायला धाडलं! त्या नीम शहरात म्हणे पावलोपावली मगर."

"अगं मथुरा, ती पितळेची! रस्त्यात ठोकलेली."

"आमच्याकडे पूर आला की रस्त्यावर येते ती पितळेची नसते, ताई."

"ऐक तर. मृणालीचं तिकीट काढताना मी सगळं वाचलंय. खजुराच्या झाडाला साखळीनं बांधलेली मगर, ही त्या गावाची निशाणी. रोमन लोकांनी इजिप्त जिंकलं, त्याची आठवण."

"म्हणजे जिवंत एकही नाही?"

"मफी, एकही नाही! नगरपालिकेत छताला टांगल्यात, त्याही पेंढा भरलेल्या."

"सुटले गं बाई! महिनाभर डोळ्याला डोळा नव्हता."

"पोरीलाच विचारायचंस की."

"विचारतेय कसली? शपथच घातली, नदीकडे फिरकायचं नाही म्हणून. गुणाची हो माझी पोर. रोज न चुकता फोनवर सांगते, 'आई, आजपण नदीवर गेले नाही.'"

"मथुरा, त्या गावाला नदीच नाही."